श्वास रोखायचा नाही

विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला पाण्याचा पहिला धडा साधारण एकाच पद्धतीने मिळालेला असतो. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, कठड्यावरून काकाने किंवा थोरल्या भावाने ढकलून द्यायचं, आणि पाण्याला टेकण्याआधी छाती भरून घेतलेला श्वास घट्ट धरून ठेवायचा. तळाची माती मुठीत आणून दाखवणारा पोरगा गावात भाव खाऊन जायचा. त्याचं सगळं भांडवल म्हणजे दम. याच माणसांची मुलं-नातवंडं आता तारकर्लीला किंवा गोव्यातल्या ग्रँड आयलंडजवळ होडीत बसून पाठीवर सिलिंडर चढवतात, तेव्हा समोरचा प्रशिक्षक सगळ्यात आधी नेमकं उलटं सांगतो. श्वास रोखायचा नाही. काहीही झालं तरी घेत राहायचा आणि सोडत राहायचा.

ऐकायला हे फारच सोपं वाटतं. होडीतली निम्मी माणसं ते ऐकतही नाहीत, कारण त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं. पण स्कुबाच्या इतिहासात यंत्र बनवायला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ हे वाक्य, आणि त्याच्या आगेमागे येणारी पाच-दहा वाक्यं, तयार करायला लागला. यंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत काही महिन्यांत हाती आलं. ते नवख्या माणसाच्या हाती कसं द्यायचं, हे ठरवण्यात पुढची तीस-चाळीस वर्षं गेली.

त्याआधी हजारो वर्षं पाण्याखाली जाणं म्हणजे दम धरणंच होतं. मन्नारच्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे दोरीला बांधलेल्या दगडावर पाय ठेवून तळ गाठत, जाळीत शिंपले भरत आणि दोरीला हिसका देत, की वरचा सोबती त्यांना ओढून घेई. मुंबईच्या बाजारात हातोहात विकले जाणारे इराणी आखातातले मोतीही अशाच दमावर वर आलेले असत. जपानच्या किनाऱ्यावर 'आमा' म्हणवणाऱ्या बायका आजही अशी बुडी मारतात. हे शिक्षण घरात, होडीत, बघून बघून व्हायचं. आणि या जुन्या पद्धतीत एक सोय आपोआप होती. वरून घेतलेला श्वास खाली जाताना पाण्याच्या दाबाने आक्रसतो आणि वर येताना पुन्हा होता तेवढाच होतो, त्याहून मोठा कधीच होत नाही. फुप्फुस फाटायचा धोका नाही.

पाण्याखाली हवा पुरवायला लागल्यावर ही सोय गेली. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर तो दुप्पट झालेला असतो, म्हणजे तिथे घेतलेल्या श्वासात पृष्ठभागावरच्या दोन श्वासांची हवा ठासलेली असते. तो श्वास धरून वर आलं तर छातीतल्या हवेला दुप्पट जागा लागते. छाती एवढी फुगत नाही, मग नाजूक फुप्फुस फाटतं, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूकडे जाऊ शकतात. यासाठी खोल जावंच लागतं असंही नाही. दीड-दोन मीटरांचा फरकही पुरतो. उथळ पाणी सुरक्षित, हा विहिरीवरचा समज समुद्रात सिलिंडर लावून चालत नाही.

हे कळायला बराच काळ गेला. पाण्याखाली काम करायचं शिक्षण पहिल्यांदा शिस्तीत द्यायची वेळ आली ती एका बुडालेल्या जहाजामुळे. १७८२ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटहेडला 'रॉयल जॉर्ज' ही युद्धनौका नांगरलेल्या जागीच कलंडून बुडाली आणि तिच्याबरोबर शेकडो माणसं गेली. तिचा सांगाडा पुढची कित्येक वर्षं बंदराच्या वाटेत आडवा पडून होता. १८३९ मध्ये लष्करी अभियंता चार्ल्स पास्ली याने तो सुरुंगाने फोडून काढायचं काम अंगावर घेतलं. त्याचे सैनिक ऑगस्टस सीबे याने बनवलेला पोशाख घालून उतरत. तांब्याचं गोल हेल्मेट, शिशाचे बूट आणि वरच्या पंपातून नळीने येणारी हवा असा तो जामानिमा होता. पाण्याखाली जोडीने जाण्याची सवय तिथलीच असं सांगतात, पण जोडीदार म्हणजे मित्रच असं काही नव्हतं. एका लाकडी ओंडक्यावर हक्क कोणाचा यावरून दोन पाणबुड्यांची तळाशीच हाणामारी झाली, लाथ बसून एकाच्या हेल्मेटची काच फुटली आणि त्याला अर्धवट बुडालेल्या अवस्थेत वर ओढावं लागलं. पुढे त्या दोघांचं म्हणे छान जमलं! १८४३ मध्ये काम आटोपलं आणि त्या अनुभवावर ब्रिटिश नौदलाने डायव्हिंगची पहिली शाळा काढली.

पास्लीच्या अहवालांत आणखी एक तक्रार सापडते. बरेच दिवस काम केलेल्या पाणबुड्यांना सांधेदुखी आणि सर्दी जडते, अशी ती होती. सांधेदुखीचं कारण थंड पाणी, असं सगळ्यांनी मानलं आणि विषय तिथेच राहिला. पुढच्या काळात नदीच्या तळाशी पुलांचे पाये खोदायला दाबाखालची हवा भरलेल्या लोखंडी खोल्या वापरात आल्या, तेव्हा हीच सांधेदुखी भलत्याच रूपात परतली. सेंट लुइसच्या ईड्स पुलावर खोलीतून बाहेर आलेले मजूर वेदनेने वाकून चालत. त्यांच्यातले डझनाहून अधिक मेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग या रोगाने अंथरुणाला खिळला आणि बांधकामाची धुरा त्याची बायको एमिली हिने वाहिली. त्या वाकण्यावरूनच रोगाला 'बेंड्स' हे नाव पडलं.

१८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने कारण दाखवून दिलं. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत मुरतो, आणि दाब एकदम उतरला की सोडावॉटरच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा बुडबुडे होऊन बाहेर पडतो. बेरने त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट नोंदवली. जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो आणि त्याने झटके येतात. मराठी वर्तमानपत्रांतून स्कुबावाल्यांच्या पाठीवर हमखास 'ऑक्सिजनचा सिलिंडर' चढवला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं. त्या सिलिंडरात आपण रोज घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी उतरला तर सहा-सात मीटरच्या खाली त्याच्या जिवाला धोका सुरू होतो.

कारण कळलं, पण वर यायचं किती सावकाश? याचं उत्तर शेळ्यांनी दिलं. ब्रिटिश नौदलाच्या सांगण्यावरून जॉन स्कॉट हॉल्डेन याने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या पोलादी कोठडीत शेळ्यांना दाबाखाली ठेवलं आणि वेगवेगळ्या पद्धतीने बाहेर काढलं. शेळीला कुठे दुखतंय हे विचारावं लागत नाही. ज्या पायात बुडबुडा अडकला तो पाय ती उचलून धरते. हॉल्डेनच्या ध्यानात आलं की दाब निम्म्यावर आणला तरी सहसा काही होत नाही. म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत यायचं. १९०८ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेली वर येण्याची कोष्टकं हा नंतरच्या सगळ्या कोष्टकांचा पाया ठरला. आजच्या मनगटी डाइव्ह कॉम्प्युटरच्या गणितातही त्या शेळ्या कुठेतरी पाय उचलून उभ्या आहेत.

हॉल्डेनने शेळ्यांनंतर माणसांवर चाचण्या घेतल्या. १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ त्या चालू असताना त्याचा तेरा वर्षांचा मुलगा बरोबर होता. बापाने त्यालाही पोशाख चढवून पाण्यात सोडलं. पोशाख मोठ्यांच्या मापाचा, मनगटाशी ढिला. पोरगा वर आला तोवर आत पाणी भरत भरत पार गळ्याशी आलं होतं. आजचा कुठलाही प्रशिक्षक ही गोष्ट ऐकून डोक्याला हात लावेल. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ मध्ये 'थेटिस' पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली, त्यानंतर त्याने स्वतःला दाबाच्या कोठडीत कोंडून घेऊन वायूंचे प्रयोग केले. १९५७ मध्ये तो कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आला, पुढे भारताचा नागरिक झाला, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. आपल्याकडे त्याची ओळख जनुकशास्त्रज्ञ म्हणून. पाण्याखालच्या विज्ञानातला त्याचा वाटा मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

श्वास रोखण्याचा धोका नीट उमगला तोही पाणबुड्यांच्याच निमित्ताने. १९३० च्या सुमारास अमेरिकन नौदलाने बुडालेल्या पाणबुडीतून सुटून वर येण्यासाठी 'मॉमसेन लंग' ही श्वासाची पिशवी वापरायला सुरुवात केली आणि सरावासाठी उंच टाक्या बांधल्या. त्या सरावात धडधाकट खलाशी अगदी थोड्या खोलीवरून वर येऊन कोसळू लागले. १९३२ मध्ये पोलॅक आणि अ‍ॅडम्स या नौदलाच्या डॉक्टरांनी लिहिलं की हे बेंड्स नव्हेत. घाबरून श्वास धरल्याने फुप्फुसातून हवा रक्तात शिरल्याचा हा परिणाम आहे. होडीतल्या त्या वाक्याचा उगम शोधायचा झाला तर तो या टाक्यांपाशी सापडतो. गंमत अशी, की दहाच वर्षांनी ज्यांनी खरं स्वतंत्र श्वासयंत्र बनवलं त्यांच्या डोळ्यांपुढे टाकी वगैरे काही नव्हतं. त्यांच्यापुढे होती एक पेट्रोलशिवाय चालणारी मोटार.

जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासं झालं होतं. मोटारी लाकूड-कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागत. त्यासाठी इंजिन मागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप एमील गान्यां या अभियंत्याने तयार केली होती. तो 'एर लिक्विड' कंपनीत होता. त्याच कंपनीच्या एका संचालकाची मुलगी सिमोन ही नौदलातल्या झाक कुस्तो याची बायको. कुस्तोला हवा होता असाच 'मागेल तेवढं' देणारा पुरवठा, फक्त इंजिनाच्या जागी माणूस. सासऱ्यांच्या ओळखीने दोघं भेटले.

१९४३ च्या जानेवारीत पॅरिसजवळ मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात पहिली चाचणी झाली. आडवं असताना यंत्र छान चालायचं. उभं राहिलं की हवा भसाभसा वाहून जायची, आणि डोकं खाली केलं की श्वास ओढता ओढता नाकी नऊ यायचे. दोघे परतीच्या वाटेवर खट्टू होऊन बसलेले असताना कारण सापडलं. उच्छ्वास बाहेर जाण्याचं तोंड हवा आत येण्याच्या जागेहून काही इंच वर होतं, आणि तेवढ्या इंचांचा पाण्याचा दाब सगळा खेळ बिघडवत होता. दोन्ही तोंडं शेजारी आणली आणि प्रश्न सुटला. त्या जूनमध्ये भूमध्य समुद्रावर बांदोलजवळ कुस्तो तीन सिलिंडर पाठीवर घेऊन उतरला. सिमोन मास्क लावून वर तरंगत त्याच्यावर नजर ठेवून होती. मित्र फ्रेडरिक ड्युमा किनाऱ्यावर तयारीत बसला होता. म्हणजे स्कुबाच्या पहिल्यावहिल्या समुद्रबुडीतही खाली एक आणि त्याच्यासाठी वर दोन अशी व्यवस्था होती. हल्ली दोन-तीनशे रुपये वाचवायला एका प्रशिक्षकाच्या गळ्यात चार-चार पाहुणे बांधणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात घ्यायला हरकत नाही.

त्याच वर्षी ड्युमा साठ मीटरांच्या पलीकडे गेला आणि त्याला विलक्षण आनंदाची झिंग चढली. खोलीवर नायट्रोजन मेंदूवर दारूसारखा परिणाम करतो, हे अल्बर्ट बेन्की याने १९३५ मध्येच सांगितलं होतं. कुस्तोच्या मंडळींनी ते अंगावर अनुभवलं आणि तरीही पुढे किती जाता येतं ते बघायचं ठरवलं. १९४७ मध्ये मोरिस फार्ग हा त्यांचा अनुभवी साथीदार दोरीला ठरावीक अंतराने बांधलेल्या पाट्यांवर सही करत खाली गेला. शेवटची सही १२० मीटरवरची मिळाली. दोरीचे इशारे थांबले, ओढून घेतलं तेव्हा श्वासाची नळी त्याच्या तोंडातून सुटलेली होती. आज नवशिक्याच्या पहिल्या प्रमाणपत्राला १८ मीटरची मर्यादा असते. ती बऱ्याच उत्साही तरुणांना अपमानास्पद वाटते.

आणि मग हे यंत्र दुकानात आलं. यंत्राच्या इतिहासातला हा सगळ्यात धोकादायक टप्पा म्हणायला हवा. १९४० चं दशक संपत असताना लॉस एंजेलिसच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानात ते 'अ‍ॅक्वा-लंग' या नावाने रॅकेट आणि चेंडूंच्या शेजारी मिळू लागलं. पैसे टाकायचे, घरी न्यायचं, शनिवारी समुद्रात उतरायचं. शिकवणार कोण? शिकवणाराच कोणी नव्हता. पहिली शिस्त आली ती शास्त्रज्ञांकडून. सॅन डिएगोजवळच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉ याने संशोधकांसाठी अभ्यासक्रम बसवला. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या क्रीडा खात्यातला अल टिलमन आणि किनाऱ्यावरचा जीवरक्षक बेव्ह मॉर्गन हे दोघं तो शिकून आले आणि सामान्य नागरिकांसाठी प्रशिक्षक तयार करायला लागले. लिंबॉ स्वतः १९६० मध्ये फ्रान्समधल्या एका पाण्याखालच्या गुहेत वाट चुकून गेला. शिकवणाऱ्यांचा पहिला गुरू असा जावा, यातून गुहा हे वेगळंच शास्त्र आहे ही समज पक्की व्हायला मदतच झाली असेल.

इंग्लंडने दुसरी वाट धरली. १९५३ मध्ये ऑस्कर गुगेन आणि पीटर स्मॉल यांनी ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब काढला. तिथे धंदा नव्हता, सभासदच सभासदांना शिकवत, आणि आखाड्यात उस्तादाने नव्या पोराला आधी महिनोन् महिने माती कालवायला लावावी तसं नवख्याला तलावात घोटून घेत. १९५९ मध्ये मोनॅकोत देशोदेशींच्या क्लबांचा महासंघ झाला, कुस्तो त्याचा पहिला अध्यक्ष. अमेरिकेत मात्र टीव्हीने घाई केली. १९५८ मध्ये 'सी हंट' ही मालिका सुरू झाली, तिच्या नायकाच्या नळ्या दर भागात कोणीतरी कापायचा, आणि ते बघून लाखो घरांतली पोरं सिलिंडर मागू लागली. १९६० मध्ये ह्यूस्टनला टिलमन आणि नील हेस यांनी 'नावी' ही प्रशिक्षकांची संघटना उभी केली. १९६६ मध्ये शिकागोच्या परिसरात जॉन क्रोनिन हा डायव्हिंगचं सामान विकणारा आणि राल्फ एरिक्सन हा पोहणं शिकवणारा शिक्षक, या दोघांनी 'पॅडी' ही दुसरी संघटना काढली. विक्रेता आणि शिक्षक ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी. पुढे काय झालं ते तिच्यातून बरंचसं कळतं.

त्या सुरुवातीच्या वर्गांत शिकवणारे बहुतेक नौदलातून आलेले, आणि शिकवणंही तसंच. तलावात विद्यार्थी शांतपणे पोहत असताना मागून येऊन त्याचा मास्क हिसकायचा, हवेची तोटी बंद करायची, पायातले फिन्स ओढायचे. यातून जो टिकला तो पाणबुडा. हा छळ निव्वळ मर्दुमकीपायी चालत होता असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल, कारण त्या काळचं सामानच तसं होतं. सिलिंडरात किती हवा उरली हे दाखवणारा काटा सर्रास नसे. श्वास जड व्हायला लागला की पाठीमागची दांडी ओढायची, मग राखून ठेवलेली थोडी हवा मिळायची. ती दांडी कुठे घासून आधीच खाली आलेली असली, तर राखीव हवा नकळत संपून गेलेली असायची. जोडीदाराची हवा संपली तर एकच तोंडाची नळी दोघांनी आळीपाळीने चोखायची. दोन श्वास तुझे, दोन माझे, आणि मधल्या वेळात तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. घाबरलेल्या माणसाने ती नळी परत द्यायची, ही अपेक्षा किती मोठी होती हे ज्याला ती मागावी लागली त्यालाच कळलं.

सामान सुधारलं तसा हा जाच कमी झाला. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये मोरिस फेन्झी याने गळ्यात घालायची फुगवता येणारी पट्टी बाजारात आणली. सत्तरच्या दशकात तिचं हवा भरता-सोडता येणारं जाकीट झालं. हवेचा काटा सगळ्यांकडे आला. प्रत्येकाच्या हवा सोडणाऱ्या झडपेला, म्हणजे रेग्युलेटरला, जोडीदारासाठी दुसरी, पिवळ्या रंगाची नळी जोडली गेली, आणि आळीपाळीने चोखण्याचा धडा पुस्तकातून हळूहळू गेला. १९८३ मध्ये हॉल्डेनची कोष्टकं मनगटावर आणि पट्ट्यावर मावतील अशा यंत्रांत शिरली. महिनोन् महिने चालणारा अभ्यास तीन-चार दिवसांवर आला. जुने लोक याला बाजारूपणा म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तीन-चार दिवसांत पाण्याची सवय होत नाही. पण जुन्या पद्धतीने किती घाबरटांना, किती बायकांना, किती पन्नाशीच्या माणसांना तलावाच्या काठावरूनच परत पाठवलं, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

भारतात ही विद्या बराच काळ गणवेशातच राहिली. नौदलाचं डायव्हिंग स्कूल कोचीला आहे. गणवेशाबाहेर तिला मोठं काम मिळालं ते गोव्यात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचं केंद्र सुरू झालं. लोथल खणून काढणारे एस. आर. राव त्याचे प्रमुख. द्वारकेच्या समुद्रात त्यांच्या तुकडीला तीन भोकांचे दगडी नांगर आणि घडीव दगडांची बांधकामं मिळाली. पाणबुड्याला पुरातत्त्व शिकवायचं की पुरातत्त्वज्ञाला बुडायला, हा वाद तोवर जगात संपत आलेला होता. १९६० मध्ये तुर्कस्तानच्या केप गेलिदोन्याला जॉर्ज बास या तरुण अमेरिकन अभ्यासकाने फिलाडेल्फियाच्या वायएमसीएच्या तलावात घाईघाईने धडे गिरवून ब्राँझयुगातल्या जहाजाचं उत्खनन स्वतः केलं, आणि दाखवून दिलं की खापर कुठलं हे ओळखणाऱ्यानेच खाली जायला हवं.

हौशी लोकांसाठी दार उघडलं ते लक्षद्वीपमध्ये, १९९५ साली कदमत बेटावर. मग अंदमान, गोवा. मालवण-तारकर्लीला समुद्राखाली बघायला आलेल्यांची गर्दी गेल्या दोन दशकांतली. १९८७ मध्ये घोषित झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक आणि त्यांवरची प्रवाळं यांचं वैभव बाहेरच्यांना माहीत झालं. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची 'इस्दा' ही प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि वडिलांबरोबर रापणीची जाळी ओढणारी गाबीत मच्छीमारांची पोरं मास्क लावून पाहुण्यांना खाली नेऊ लागली. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. पावसाळ्यात समुद्र कोणाला जवळ करत नाही.

मालवणहून परतलेला पाहुणा "स्कुबा केलं" म्हणतो. खरं तर त्याला स्कुबा करवलेलं असतं. पाच-सात मीटरवर प्रशिक्षकाने मागून सिलिंडर धरलेला, जाकिटातली हवा तोच बघतो, काट्याकडे तोच बघतो, पाहुण्याने फक्त श्वास घ्यायचा आणि मासे दिसतील तिथे हसायचं. त्यात वाईट काही नाही, पोहता येत नसलं तरी चालतं. पण ते शिकणं नव्हे. शिकायचं तर २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं, आणि त्याआधी तब्येतीचा एक लांबलचक कागद खरा खरा भरावा लागतो. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन यांतलं काही असलं तर आधी डॉक्टर. होडीत बसल्यावर "नाही, नाही" करत भराभर खुणा केलेला हाच कागद.

साधी सर्दीसुद्धा आड येते. आंबोलीचा घाट उतरताना कानाला दडे बसतात, तसेच पाण्यात पहिल्या दोन-तीन मीटरांतच बसतात, आणि घाटापेक्षा खूप जोरात. नाक दाबून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधीच, दर हातभर खाली गेल्यावर. अठराव्या शतकात होऊन गेलेल्या वालसाल्वा या इटालियन वैद्याचं नाव त्या युक्तीला आहे. नाक चोंदलेलं असलं तर ही वाट बंद असते आणि पडदा फाटू शकतो. दुखत असताना "चालतंय" म्हणणारा भिडस्त माणूस प्रशिक्षकाला सगळ्यात जास्त त्रास देतो. पाण्याखाली अंगठा वर केला की 'झकास' असा अर्थ होत नाही, 'वर चला' असा होतो. त्यामुळे खुशीत अंगठा दाखवणारे पाहुणे तळाला पोचायच्या आत वर आणले जातात आणि पैसे फुकट गेले म्हणून हळहळतात.

शेळ्यांचा धडाही सुट्टीच्या वेळापत्रकात येऊन बसतो. सकाळी गोव्यात बुडी आणि दुपारच्या विमानाने मुंबई, हा बेत आखणारे पुष्कळ. विमानाच्या केबिनमधला दाब डोंगरमाथ्यावरच्या इतका कमी असतो, आणि अंगात मुरलेला नायट्रोजन तिथे पुन्हा बुडबुडे करायला लागतो. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त बुड्यांनंतर १८ तास जमिनीवर राहायचं असा संकेत आहे. मालवणहून कोल्हापूरला निघालेल्यांनी घाट चढणं म्हणजेही उंचीवर जाणंच, हे विसरू नये. आंबोलीची उंची केबिनच्या हिशेबाने बरीच कमी, पण दोन-तीन दिवस खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी गाडी काढणाऱ्याला प्रशिक्षक थांबायला सांगतो ते उगाच नाही.

पूर्ण अभ्यासक्रमातले बरेच धडे मुंबई-पुण्याच्या तलावांतच होतात. मास्क हिसकण्याचा जुना छळ तिथे आता सभ्य होऊन आला आहे. विद्यार्थी स्वतःच मास्क काढतो, मिनिटभर डोळे मिटून श्वास घेतो, पुन्हा चढवतो आणि नाकाने फुंकून आतलं पाणी बाहेर घालवतो. जवळजवळ प्रत्येकाला हाच धडा सगळ्यात अवघड जातो. नाकात पाणी गेलं की विहिरीवरचा तो पोरगा आतून जागा होतो आणि दम धरायला बघतो.

त्याची समजूत काढण्यासाठी आणखी एक सराव असतो. हवा संपली असं मानायचं आणि नळी तोंडात ठेवूनच, पण तिच्यातून श्वास न घेता, तलावाच्या तळालगत नऊ मीटर आडवं पोहत जायचं. नंतर हेच समुद्रात उभं, खालून वर करायचं असतं. पोहताना गाण्याच्या शिकवणीत पहिल्या दिवशी लावायला सांगतात तसा एकच सलग 'आ' लावायचा, म्हणजे हवा आपोआप सुटत राहते आणि छातीत अडून बसत नाही. काहींचा आवाज चार मीटरवर तुटतो, काहींचा सहा. प्रशिक्षक शेजारून पोहत बोटाने खूण करत राहतो, अजून, अजून. काठावरच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्यांना त्यातलं काही ऐकू येत नाही. त्यांना फक्त पाण्यावर सरकत जाणारी बुडबुड्यांची रांग दिसते.